दोरा पस्तीस सेंटिमीटर

लेकीने पाठवलेलं तिकीट मी आधी मोबाइलवर वाचलं, मग खडेबाजारात जाऊन कागदावर छापून आणलं, तरी डोक्यात शिरेना. बेंगळूरहून सुटायची वेळ दुपारी अडीच. सॅन फ्रान्सिस्कोला पोचायची वेळ संध्याकाळी सहा. तारीख तीच. म्हणजे साडेतीन तासांत अमेरिका! आम्ही बेळगावहून कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जाऊन परत येतो त्यालाही याहून जास्त वेळ लागतो.

ही म्हणाली, "जन्मभर भूगोल शिकवलात ना? मग सांगा की मला, हे कसं काय ते."

बेळगावातल्या एका मराठी शाळेत मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. रेखावृत्तं, प्रमाणवेळ, आंतरराष्ट्रीय वाररेषा, सगळं फळ्यावर. वाररेषा काढताना खडू कुठे वाकवायचा तेसुद्धा हाताला पाठ होतं. पण स्वतः दिल्लीच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो. आता लेकीचं बाळंतपण निघालं आणि जून २०२३ मध्ये आम्ही दोघं साठीपुढची माणसं त्या वाररेषेवरून प्रत्यक्ष जाणार होतो.

हिच्यासमोर वही घेऊन बसलो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्वेची, कॅलिफोर्नियाची १२० अंश पश्चिमेची. बेरीज २०२.५ अंश. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे ८१० मिनिटं, म्हणजे साडेतेरा तास. आपण साडेतेरा तास पुढे. इथे दुपारचे अडीच वाजतात तेव्हा तिथे त्याच तारखेची पहाटेची एक. तिथून संध्याकाळी सहापर्यंत सतरा तास. "प्रवास सतरा तासांचा," मी निकाल दिला आणि लेकीला फोन लावला.

"बाबा, सोळा तास. फरक साडेबारा तासांचा आहे."

"साडेतेरा. मी गणित केलंय."

"मी इथे राहते बाबा."

दहा मिनिटं आमचा वाद चालला. शेवटी जावयांनी फोन घेतला आणि हळूच म्हणाले, "सर, इकडे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात." मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण परीक्षेला येत नाही म्हणून वर्गात आम्ही ते सरळ गाळत असू. चौतीस वर्षं गाळलेलं ते असं घरात येऊन उभं राहिलं.

मग अंतराचं बघायचं ठरवलं. निवृत्त झालो तेव्हा मुलांनी दिलेला पृथ्वीगोल कपाटावर होता. त्याचा घेर हिच्या शिवणाच्या टेपने मोजला तर जवळजवळ शंभर सेंटिमीटर भरला. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर धरला तर एका सेंटिमीटरला चारशे. शिवणाच्याच डब्यातला दोरा घेतला, एक टोक बेंगळूरवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणला. दोरा पॅसिफिकवरून जाईना. तो सरकत सरकत तिबेट, मंगोलिया, सैबेरिया करत पार वर गेला आणि अलास्कावरून खाली उतरला. लांबी पस्तीस सेंटिमीटर. पस्तीस चोक एकशे चाळीस, म्हणजे १४,००० किलोमीटर. नंतर जावयांनी संगणकावर बघून सांगितलं, १३,९९० च्या आसपास. शिवणाच्या दोऱ्याने दहा-वीस किलोमीटरची चूक म्हणजे मी खूश.

एक गंमत त्याच दोऱ्याने दाखवली. टोक बेंगळूरवरून उचलून बेळगाववर ठेवलं तर दोरा अर्ध्या सेंटिमीटरला जरा कमी इतका उरला. म्हणजे आमच्या सांबऱ्याच्या विमानतळावरून सरळ उडता आलं असतं तर अमेरिका आम्हाला बेंगळूरपेक्षा १८० किलोमीटर जवळ पडली असती. आणि आम्ही आधी दक्षिणेला ४४५ किलोमीटर उलटं जाणार, मग तिथून उत्तरेला. ही म्हणाली, "आपलं बेळगावकरांचं असंच. कुठं जायचं म्हटलं की आधी उलटं जायचं." तिने ते कशावरून म्हटलं ते सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला वर्षाहून जास्त थांबावं लागलं. रात्रीच्या बसने मुंबई गाठली आणि मुलाखत तीन मिनिटांत संपली. फॉर्म भरताना मात्र पंचाईत झाली. पासपोर्टात माझं जन्मस्थान 'बेलगाम' आणि पत्त्यात 'बेळगावी'. १ नोव्हेंबर २०१४ पासून नाव अधिकृतपणे बदललं, घर मात्र टिळकवाडीत होतं तिथेच आहे. फॉर्म भरणारा पोरगा म्हणाला, "सर, दोन गावं दिसायलीत ही." मी म्हटलं, "जे छापलंय तेच लिही बाबा, तिसरं आणखी काढू नको." आमच्या विमानतळाची तीन अक्षरी खूण तेवढी जुनीच राहिली आहे, आय-एक्स-जी. त्यात बेलगामही नाही आणि बेळगावीही नाही, त्यामुळे भांडण नाही.

बेळगाव ते बेंगळूर विमानाने गेलो असतो तर सव्वा तासात पोचलो असतो. पण ते तिकीट वेगळं काढावं लागत होतं, आणि तिथे माणशी पंधरा किलो सामान. पुढच्या विमानाला माणशी तेवीस-तेवीसच्या दोन बॅगा. दोघांच्या मिळून चार बॅगा, ब्याण्णव किलो. त्यात आळीव, सुंठ, डिंक, बाळंतविडा, लंगोट, दुपटी, आणि ज्वारीच्या भाकरीचं सहा किलो पीठ. जादा वजनाचे पैसे ऐकले आणि आदल्या दिवशीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं आरक्षण करून टाकलं. एकाच तिकिटावर सगळा प्रवास नसेल तर हे आधी बघून घ्या. किलोमीटर मोजत बसू नका, किलो मोजा.

संध्याकाळी पाचला घरून निघालो. राणी चन्नम्मा म्हणजे कित्तूरची राणी, आणि गाडी जिथे संपते त्या बेंगळूरच्या स्थानकाला नाव तिच्याच सैन्यातल्या क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णाचं. कित्तूर आमच्या जिल्ह्यातलं, संगोळ्ळीही आमच्याच जिल्ह्यातली. आमच्या राणीच्या गाडीत बसून आमच्याच रायण्णाच्या दारात उतरायचं, अधेमधे सहाशे किलोमीटर आणि बाराएक तास. खालच्या बर्थखाली दोन बॅगा शिरल्या, दोन शिरल्या नाहीत. समोरच्या धारवाडच्या गृहस्थांनी "इल्ली इडी, सर" म्हणत पाय आखडून जागा करून दिली आणि रात्रभर तसेच झोपले.

स्थानकापासून विमानतळ देवनहळ्ळीला, पस्तीस-छत्तीस किलोमीटर. सकाळची वेळ, वायुवज्र बस आणि हेब्बाळचा उड्डाणपूल. दीड तास. पुढे विमानात बसल्यावर मी हिशेब केला, त्या दीड तासात विमान तेराशे किलोमीटरवर जाऊन पोचतं.

विमानतळावर तराजूने आमचं पितळ उघडं पाडलं. घरी चारही बॅगा तेवीस भरल्या होत्या, कारण आमचा काटा मोडका. इथे एक चोवीस सहाशे. मग तिथेच फरशीवर बॅग उघडून ही बसली आणि भाकरीचं पीठ माझ्या पाठीवरच्या पिशवीत आलं. आमच्यामागची रांग शांतपणे बघत होती, कारण त्यातल्या निम्म्या बॅगांत हेच सामान असणार. व्हीलचेअरचं मुलीने आधीच नोंदवून ठेवलं होतं. मला चालता येत असताना खुर्चीत बसायची लाज वाटली, पण तिथे माझ्यासारखे वीसेक जण धडधाकट बसलेले दिसले. त्यांना पायांची अडचण नव्हती. इंग्रजी विचारणारा माणूस समोर आला तर ढकलणारा पोरगा बोलेल, एवढाच त्यातला मतलब. ही बसली. मी चालत गेलो आणि दोनदा चुकलो.

विमान बोइंग ७७७, लांब पल्ल्याचं. त्याच्या टाक्यांत १,८०,००० लिटरहून जास्त इंधन मावतं असं मी वाचून गेलो होतो. आपल्या रस्त्यावरचा मोठा टँकर वीस हजार लिटरचा धरला तर असे नऊ टँकर पंखांत आणि पोटात घेऊन हे उडणार. हिला मुद्दामच सांगितलं नाही. अडीचची वेळ होती, पण दार लागून हललं तीन वाजता आणि मग धावपट्टीकडे आणखी वीस मिनिटं रांगत गेलं. मला वाटलं, आता तिकडे उशीर. तसं काही झालं नाही. तिकिटावरचा वेळ दारापासून दारापर्यंतचा असतो, त्यात हे जमिनीवरचं रांगणं आणि थोडी सवड धरलेलीच असते. प्रत्यक्ष हवेत आम्ही पंधरा तासांच्या जरा आतच होतो.

आता माझ्या दोऱ्याचं काय झालं ते सांगतो. समोरच्या पडद्यावर नकाशा लावून मी बसलो होतो, विमान तिबेटकडे वळायची वाट बघत. ते वळलंच नाही. बंगालचा उपसागर, म्यानमार, चीन, जपान, आणि मग मोकळा पॅसिफिक. दोऱ्यापेक्षा कितीतरी लांबची वाट. आधी वाटलं माझं चुकलं. मग पडद्यावरचा वेगाचा आकडा बघितला, ताशी १,०५० किलोमीटर. या विमानाचा हवेतला वेग असतो साधारण नऊशे. वरचे दीडशे कोण देत होतं? पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट वायुप्रवाह. दहा-बारा किलोमीटर उंचीवर वाहणारी ही वाऱ्याची नदी. दहावीच्या वर्गात मी तिचं नाव मोसमी पावसाच्या कारणांत एक मुद्दा म्हणून सांगायचो, एक गुण. आता ती आमच्या पाठीला हात लावून ढकलत होती.

खरं तर हे मला २०१६ मध्येच कळलं होतं. त्या वर्षी ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अटलांटिकची वाट सुमारे १३,९०० किलोमीटर, पॅसिफिकची सुमारे १५,३००. चौदाशे किलोमीटर जास्त, आणि वेळ जवळजवळ दोन तास कमी, साडेचौदा तासांत पोच. पेपरातलं ते कात्रण मी वर्गात वाचून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला होता, "सर, मग अंतराला काय अर्थ?" मी त्याला खाली बसवलं होतं. पॅसिफिकवर अकरा किलोमीटर उंचीवर तो पोरगा मला आठवला.

उडून तीन-साडेतीन तास झाले नाहीत तोच मागच्या बाजूला सूर्य बुडाला. आमच्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहाच. जेवण झालं, दिवे मंद केले, लोक झोपले. आणि जेमतेम पाच तासांत खिडकीच्या फटीतून उजाडायला लागलं. आपण सूर्याच्या समोर धावत असलो की रात्र अशी दोन्हीकडून आखडते. ही जागी झाली आणि म्हणाली, "एवढ्यात सकाळ? दात घासायचे की नाही?"

वाररेषेसाठी मी झोपलो नव्हतो. चौतीस वर्षं फळ्यावर काढलेली रेषा, ती ओलांडताना डोळे मिटलेले नकोत. खाली नुसते ढग. पडद्यावर विमानाचं चित्र १८० अंशांवरून पुढे सरकलं, कुणी काही बोललं नाही, दिवा लागला नाही. आमच्यासाठी उद्या उजाडून दीडएक तास झाला होता, तो परत आज झाला. हिला हलवून सांगितलं, "अगं, आत्ता आपण उद्यातून आजमध्ये आलो." ती म्हणाली, "बरं झालं. चहा मिळतोय का बघा."

पायांचं मात्र सगळ्यांनी सांगितलेलं खरं. हिच्या चपला उतरताना पायात शिरेनात एवढी सूज होती. दर दोन तासांनी उठून मधल्या वाटेने फेऱ्या मारा, पाणी पीत राहा, आणि शक्यतो कडेची जागा घ्या. खिडकीच्या मोहात मी आतली घेतली होती. शेजारचा माणूस झोपला की त्याला उठवायचा संकोच, त्यात चार तास अडकून बसलो.

सहाच्या सुमारास उतरलो. अधिकाऱ्याने दोन प्रश्न विचारले, कुणाकडे आलात आणि किती दिवस. सामानात खाण्याचं काय आहे ते कागदावर सगळं खरं लिहिलं होतं. डिंकाचे लाडू बघून तिथल्या बाईंनी काहीतरी विचारलं, ही मराठीतच म्हणाली, "बाळंतिणीचे आहेत," आणि हाताने पोट दाखवलं. बाई हसल्या आणि जा म्हणाल्या. फ्रीमाँटला लेकीच्या दारात उभे राहिलो तेव्हा बेळगावच्या दाराला कुलूप लावून साडेचाळीस तास झाले होते. त्यातले हवेतले पंधरा. उरलेल्या साडेपंचवीस तासांत आम्ही सातशे किलोमीटरसुद्धा गेलो नव्हतो.

नातू २ जुलैला रात्री नऊ वाजता झाला. इकडे बेळगावात ३ जुलैची सकाळ साडेनऊ, गुरुपौर्णिमा. शहापुरातल्या माझ्या बहिणीने लगेच गुरुजींना पत्रिका करायला सांगितली आणि मला फोनवर जोडलं. मी सगळा फरक समजावून सांगायला लागलो तर गुरुजी मध्येच म्हणाले, "सर, मला तिथली वेळ आणि तिथले अक्षांश-रेखांश द्या फक्त. आणि तिकडे उन्हाळी वेळ चालू आहे का? म्हणजे तो तास काढून टाकतो." मी काही बोललो नाही. ही शेजारी बसून हसत होती, ते तेवढं बहिणीला ऐकू गेलं.

५ नोव्हेंबरला तिथली घड्याळं एक तास मागे गेली. फरक साडेतेरा तासांचा झाला. सकाळी उठून मी जावयांना म्हटलं, "आता माझं गणित बरोबर आहे." ते म्हणाले, "हो सर, मार्चपर्यंत."

परतीचं विमान १० नोव्हेंबरला रात्री साडेआठचं. हे मात्र वर चढलं. अलास्काच्या अंगाने, माझ्या दोऱ्याच्या आसपासच्या वाटेने, कारण आता वारा तोंडावर आणि त्याला टाळायला उत्तरेकडे जाणं भाग. याच दोन शहरांमधलं पहिलं थेट विमान जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला वैमानिकांनी उत्तर ध्रुवावरून बेंगळूरला आणलं होतं, तेव्हाही सतरा तास लागले होते. आम्हाला साडेसतरा लागले. वाट आखूड, वेळ जास्त. अंधारातच उडालो आणि अंधारातच उतरलो, पहाटे साडेतीनला, तारीख १२. अकरा नोव्हेंबर कुठे गेली ते मला माहीत आहे, पण हिला अजून पटलेलं नाही.

परतताना बॅगा रिकाम्या होत्या, त्यामुळे सकाळचं बेळगावचं विमान धरलं. सव्वा तासात सांबरा. घरी पोचलो तर दहा वाजले होते. गल्लीत किल्ले मांडलेले, फटाक्यांचे कागद पडलेले, फराळाची ताटं फिरत होती. नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन त्या वर्षी एकाच दिवशी. शेजारच्या वहिनी दारातच म्हणाल्या, "अहो, पहिली आंघोळ चुकली की ओ तुमची! सूर्य उगवायच्या आत करायची असते."

माझ्या मनगटावरचं घड्याळ मी अजून बदललं नव्हतं. हिने माझा हात धरून त्यात बघितलं. साडेआठ, रात्रीचे, तारीख अकरा.

"काही चुकलं नाही," ती वहिनींना म्हणाली, "आमची चतुर्दशी अजून उजाडायची आहे." आणि मला म्हणाली, "बंब पेटवा. उटणं कुठल्या बॅगेत आहे ते बघते."